पाटाच्या पाण्यावर जेवणारं शहर

दोस्तांनो, नव्या गावात पाऊल ठेवलं की तुम्ही सगळ्यात आधी काय शोधता? किल्ला? संग्रहालय? जाऊ द्या, खरं काय ते आम्हाला ठाऊक आहे. आई-बाबा सामान लावत असतात आणि तुमचं एकच टुमणं सुरू असतं, ‘इथे खायला काय मिळतं?’ यात लाजण्यासारखं काही नाही बरं का! गावाची ओळख करून घ्यायची ती खाऊच्या वाटेने, हे तर आपल्या या सदराचं ब्रीदच आहे.

तेव्हा आज जाऊ या स्पेनला. माद्रिद नाही, बार्सिलोनाही नाही. नकाशात स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. समोर भूमध्य समुद्र, मागे डोंगर आणि मध्ये सपाट, सुपीक जमीन. तिथे आहे व्हॅलेन्सिया, स्पेनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर. तिथल्या खाण्यापिण्याच्या काही लाडक्या जागा आज पाहायच्या आहेत. फक्त एक अट. जायचं गुरुवारीच! का, ते बारा वाजता कळेल.

सुरुवात करू सकाळी नऊला, मेर्कादो सेंत्राल म्हणजे मधल्या मंडईपासून. मंडई म्हटल्यावर चिखल आणि गोणपाटं डोळ्यांपुढे आणू नका. ही इमारत १९२८ साली सुरू झाली. लोखंड, रंगीत काचा आणि चिनी मातीच्या फरशा यांनी ती अशी नटवलीय की आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. मधोमध मोठा घुमट आणि बाहेर कळसावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक धातूचा पोपट! आतली जागा आठ हजार चौरस मीटरहून जास्त. समोरच रस्त्यापलीकडे पंधराव्या शतकातला रेशीम बाजार उभा आहे, म्हणजे इथे देवघेव चालते ती आजकालची नाही.

पण आपण बघायचं ते टोपल्यांमध्ये. ढिगाने रचलेली संत्री. त्यांना स्पॅनिश भाषेत म्हणतात ‘नारांखा’. ओळखीचं वाटलं ना? आपल्या संस्कृतातला ‘नारंग’ इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचला. तांदळाला तिथे म्हणतात ‘आर्रोस’ आणि केशराला ‘आसाफ्रान’. हे दोन्ही शब्दही अरबीतूनच आले. व्हॅलेन्सियावर आठव्या शतकापासून १२३८ सालापर्यंत मुसलमान राज्यकर्त्यांची सत्ता होती. त्या काळात तिथली शेती बहरली आणि तांदळाने तिथे मूळ धरलं. तुरिया नदीचं पाणी पाटांनी शेतोशेत फिरू लागलं. पाटाला तिथे म्हणतात ‘आसेकिया’. तोही शब्द अरबीच! हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीचा खरा नायक तोच आहे.

दहा वाजले. पोटात कावळे ओरडायला लागले असतील. काळजी नको, व्हॅलेन्सियात या वेळी कुणीच उपाशी राहत नाही. सकाळची न्याहारी झालेली असते, दुपारचं जेवण दोन-अडीचला. मग या दोन्हींच्या मध्ये हवंच ना काहीतरी? तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडतो तसं तिथे मोठ्या माणसांचीही मधली सुट्टी होते. तिला म्हणतात ‘एस्मोर्सारेत’. सुतार, गवंडी, बँकेतले साहेब, निवृत्त आजोबा, सगळे आपापल्या ठरलेल्या खानावळीत एका टेबलाभोवती जमतात. आधी येतात खारे ऑलिव्ह आणि भुईमुगाच्या शेंगा. मग हातभर लांब पाव, त्याच्या पोटात बटाट्याचं आम्लेट नाहीतर मांस, मिरच्या, वांगी, काय हवं ते. याचं नाव ‘बोकादियो’. हा प्रकार चाखायला समुद्राजवळच्या काबान्याल नावाच्या जुन्या कोळी वस्तीत ‘ला पास्कुआला’ म्हणून एक खानावळ आहे, तिथल्या पावाचा आकार बघून भल्याभल्यांची बोलती बंद होते. पण आपण आत्ता मंडईत आहोत, तेव्हा इथल्याच ‘सेंत्राल बार’च्या उंच स्टुलांवर बसू. आजूबाजूच्या गाळ्यांवरचीच भाजी, तिथलेच मासे आणि आपण खातोय तेही तिथलंच. दोघांत एकच बोकादियो घ्या हं! दोन वाजता पोटात जागा लागणार आहे.

आता बाराला पाच कमी. उचला पाय! मंडईपासून चार-पाच गल्ल्या ओलांडल्या की येतं मोठं चर्च. त्याच्या ‘प्रेषितांच्या दारा’पुढे गर्दी जमलेली दिसेल. इथे खायला काही मिळत नाही, तरीही या शहराच्या प्रत्येक ताटाची किल्ली इथेच आहे.

चर्चच्या मनोऱ्यावर बाराचे ठोके पडतात. काळे झगे घातलेली आठ माणसं येऊन दारापुढच्या गोल कठड्याच्या आत, जुन्या लाकडी खुर्च्यांवर बसतात. हे न्यायाधीश बरं का! पण वकिलीची परीक्षा वगैरे कुणी दिलेली नाही. हे आहेत शेतकरी. तुरियाच्या पाण्यावर चालणाऱ्या आठ पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकेक पंच. हे ‘पाण्याचं न्यायालय’. दर गुरुवारी, दुपारी बारा वाजता, उघड्यावर, सगळ्यांसमोर भरतं. त्याची परंपरा सुमारे हजार वर्षांची मानली जाते. २००९ साली युनेस्कोने जगाच्या जपण्याजोग्या वारशात त्याची नोंद केली.

एक शिपाई एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारतो, ‘या पाटावरच्या कुणावर तक्रार आहे का?’ कुणी पाळी नसताना पाणी घेतलं असेल, कुणी दार उघडं टाकून शेजाऱ्याचं पीक बुडवलं असेल, कुणी पाट साफ केला नसेल, तर त्याने इथे उभं राहायचं. सगळं काम तोंडी. वकील नाही, तारखांवर तारखा नाहीत. ज्या पाटाचं भांडण, त्याचा पंच निकालात बोलत नाही, कारण आपल्या माणसाची बाजू घेतल्याचा संशयसुद्धा नको! निकाल लागला की लागला, त्यावर अपील नाही.

आणि गंमत ऐका. पुष्कळ गुरुवारी तक्रारच नसते. आठ नावं पुकारली जातात, कुणी पुढे येत नाही, पाच मिनिटांत पंच उठून घरी! कॅमेरे सरसावून बसलेले पाहुणे म्हणतात, ‘अरेच्चा! संपलंसुद्धा?’ पण विचार करा, न्यायालयात यायची वेळच न येणं, यापेक्षा न्यायालयाचं मोठं यश कोणतं?

आपल्याकडेही अशी शहाणी माणसं होती बरं का. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर ‘फड’ पद्धत काही शतकं चालत आलीय. बंधाऱ्यातून पाट काढायचा, शेतांचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने सगळ्यांना पाणी द्यायचं. व्हॅलेन्सियाचा शेतकरी आणि पांझरेकाठचा शेतकरी कधी भेटले नाहीत. पण पाणी थोडं आणि तोंडं फार, हे गणित दोघांनाही सुटलं आणि उत्तरही सारखंच आलं.

दोन वाजले! आता खरं जेवण. ट्रामने समुद्रावर जाऊ, मालवारोसाच्या वाळूवर. तिथे ‘ला पेपिका’ आहे १८९८ सालापासूनचं. आणि थोडं पुढे ‘कासा कार्मेला’, १९२२ सालापासूनचं. कासा कार्मेलाच्या स्वयंपाकघरात गॅस नाही, संत्र्याच्या लाकडांचा जाळ! त्या जाळावर ओळीने मांडलेल्या मोठ्ठ्या, पसरट, दोन कानांच्या कढया. त्या कढईचंच नाव आहे ‘पाएया’ आणि तिच्यात शिजणाऱ्या भाताचंही तेच. (हे नाव लिहिताना दोन ‘एल’ लागतात, म्हणून आपल्याकडे कुणी ‘पाएला’ म्हणतं. तिथे तसं म्हणालात तर हसतील हं!)

अस्सल व्हॅलेन्सियाच्या पाएयात काय असतं? आधी ऑलिव्हच्या तेलात कोंबडीचे आणि सशाचे तुकडे चांगले परतायचे. मग चपट्या हिरव्या शेंगा आणि ‘गार्रोफो’ नावाचे मोठे पांढरे पावट्यासारखे दाणे. टोमॅटो, गोड लाल मिरचीची पूड, केशर, मीठ. पाणी किती? कढईच्या कानांना जे खिळे ठोकलेले असतात, तिथपर्यंत. झाली मोजणी! मग तांदूळ पसरायचा आणि इथून पुढे डाव बाजूला ठेवायचा. ढवळायचं नाही म्हणजे नाही! आपली आजी खिचडीला जसा मायेने डाव फिरवते तसा इथे कुणी फिरवला तर घरात भांडण होईल. भाताचा थर जेमतेम बोटभर, म्हणजे प्रत्येक शिताला रस मिळतो. शाकाहारी दोस्तांनो, तोंड पाडू नका. भाज्यांचीही पाएया असते. फक्त सांगताना मासे आणि मांस दोन्ही नको, असं नीट बजावून सांगा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कढईच्या तळाला भाताचा एक लालसर, कुरकुरीत थर धरतो. त्याला म्हणतात ‘सोकार्रात’. अहो, ही तर आपली खरवड! भाताचं पातेलं उपसून झालं की तळाची खरवड कुणाला, यावरून तुम्ही भावंडं भांडता ना? तिथेही अगदी तेच चालतं. कढई मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात, हातात लाकडी चमचे. प्रत्येकाने आपल्यासमोरचा तुकडा कडेकडून आत खात जायचा. शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. पाटाचा नियम कढईतही लागू!

ही पाएया मुळात हॉटेलातली नव्हेच. ती शेतावरची. दुपारी कामकऱ्यांनी काटक्या गोळा कराव्यात, बांधावरच्या शेंगा, गोगलगायी, सापडला तर ससा, जे हाती लागेल ते कढईत टाकावं आणि गोल बसून खावं. एकेकाळी भातखाचरातले पाणउंदीरसुद्धा तिच्यात पडत, असं सांगतात! ईऽऽ म्हणू नका, भूक लागली की माणूस जवळच्या जमिनीकडेच बघतो. हा तांदूळ येतो शहराच्या दक्षिणेला जेमतेम दहा किलोमीटरवर असलेल्या आल्बुफेरा सरोवराभोवतीच्या खाचरांमधून. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी. मध्येच एल पालमार नावाचं मच्छीमारांचं गाव आहे आणि तिथे घरटी एक म्हणावी इतकी पाएयाची हॉटेलं. भात जिथे पिकतो तिथेच बसून खायचा असेल तर तिथे जावं. २०२१ साली तिथल्या प्रांतिक सरकारने पाएया शिजवण्या-वाटण्याच्या कलेला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

पोट भरलं? थोडं लोळा. सहा वाजता शेवटची जागा, आणि या सदराच्या मते सगळ्यात लाडकी.

शहरातच प्यायचं तर सांता कातालिना चर्चजवळ ‘ओर्चातेरिया सांता कातालिना’ आहे, भिंतीभर रंगीत फरशा लावलेलं. त्याच्या समोर ‘एल सिग्लो’, १८३६ सालचं. पण आपण मेट्रोत बसू आणि शहराला लागूनच असलेल्या आल्बोराया गावी जाऊ. तिथे ‘दानिएल’ आहे, १९४९ सालापासूनचं. टेबलावर येतो एक उंच पेला. आत पांढरं, दाट, थंडगार पेय. दूध? घोट घ्या. गोड आहे, थोडं बदामासारखं, थोडं मातीच्या वासाचं. दुधाचा मात्र एक थेंबही नाही! ही ‘ओर्चाता’. बरोबर येतात ‘फार्तोन’, म्हणजे वरून साखरेचा हात फिरवलेले लांबट, मऊ पाव. ते पेल्यात बुडवायचे. चहात पाव बुडवणाऱ्यांना शिकवायची गरज नाही.

ओर्चाता होते ‘चुफा’पासून. चुफा म्हणजे एका गवताचे जमिनीखालचे वाटाण्याएवढे कंद. शेतकरी शेतातून उपटून-उपटून दमतात तो आपल्याकडचा लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा, तो या चुफाचा सख्खा भाऊबंद! एप्रिल-मे महिन्यांत चुफा लावतात, नोव्हेंबर ते जानेवारीत काढतात, धुतात आणि माळ्यावर पसरून सुमारे तीन महिने, मधून मधून हलवत, सुकवतात. मग भिजवा, वाटा, पिळा, साखर घाला, गार करा. ताजी ओर्चाता एक-दोन दिवसांत आंबते. म्हणून तिच्या शेताजवळ जाऊन प्यायची ती मजाच वेगळी.

त्या पेयाच्या नावाची एक दंतकथा आहे. एका मुलीने राजा जाउमेला हे पेय दिलं. राजा खूश होऊन म्हणाला, ‘हे तर सोनं आहे, पोरी!’ त्याच्या भाषेत ‘सोनं’ म्हणजे ‘ओर’ आणि ‘पोरी’ म्हणजे ‘चाता’. झालं ओर्चाता! गोष्ट छान आहे, पण अर्थातच रचलेली. सोनं हा शब्द मात्र खोटा म्हणवत नाही. का, ते पेला खाली ठेवून दाराबाहेर या म्हणजे कळेल.

बाहेर चुफाचं हिरवंगार शेत आहे. कडेने रास्कान्या नावाचा पाट वाहतोय. हो, दुपारी न्यायालयात पुकारलेल्या आठ नावांपैकीच एक! आणि शेताच्या पलीकडच्या टोकाला? उंच उंच इमारती. शहराच्या भोवतीच्या या शेतपट्ट्याला म्हणतात ‘उएर्ता’. शहर वाढतं तसं ते हा पट्टा खात जातं. घरं, रस्ते, गोदामं. जिथे एकदा डांबर पडलं, तिथे पुन्हा चुफा उगवत नाही. २००१ साली हा पट्टा वाचवा म्हणून लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तेव्हा त्यांचं कुणी ऐकलं नाही. पण लोक बोलत राहिले आणि २०१८ साली उएर्ता जपण्यासाठी खास कायदा झाला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने इथल्या पाटांच्या व्यवस्थेला जगाचा शेतीवारसा म्हणून मान दिला. तरी ओढाताण संपलेली नाही. कायदा कागदावर असतो, इमारत जमिनीवर.

आणि पाणी? तेही नेहमी शहाण्यासारखं वागतंच असं नाही. १९५७ सालच्या ऑक्टोबरात तुरियाला महापूर आला आणि शहर बुडालं. मग सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेकडून नेली. जुन्या पात्रात आता लांबच लांब बाग आहे, मुलं तिथे सायकली पिटाळतात. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा भयानक पाऊस कोसळला. नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पण त्याच्या दक्षिणेच्या गावांत पाणी शिरलं. त्या प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली. घरं गेली, दुकानं गेली, सकाळी दहाला गजबजणाऱ्या कितीतरी खानावळीही चिखलाने भरून गेल्या. आल्बुफेरा सरोवरात गाळ आणि कचरा वाहून आला.

त्यानंतरच्या दिवसांत शहरातले हजारो लोक, त्यांत कॉलेजातली मुलंमुली कितीतरी, खांद्यावर झाडू आणि फावडी टाकून पायी त्या गावांकडे निघाले. नव्या पात्रावरचा जो साधा पादचारी पूल त्यांनी ओलांडला, त्याला पुढे ‘एकजुटीचा पूल’ असं नाव मिळालं. कुणी चिखल उपसला, कुणी स्वयंपाक करून गरम जेवण वाटलं. पुढच्या वर्षी आल्बुफेराच्या खाचरांत पुन्हा भात पेरला गेला.

दोस्तांनो, म्हणून म्हटलं की गुरुवारीच जायचं. नुसतं खाल्लं असतं तर पाव, भात आणि एक गोड पेय, एवढंच लक्षात राहिलं असतं. पण दुपारचे ते आठ पंच पाहिल्यावर कळतं की कढईतला भात तिथवर पोचायला कुणीतरी आपली पाळी येईपर्यंत थांबलेलं असतं. शेजाऱ्याचं शेत भिजेपर्यंत स्वतःच्या पाटाचं दार बंद ठेवलेलं असतं. शहराचं आवडतं हॉटेल टिकायचं, तर आधी शहराबाहेरचं शेत टिकावं लागतं.

आता तुमचं काम. या आठवड्यात घरी आलेल्या भाजीपाल्यातल्या फक्त तीन वस्तू निवडा आणि त्या कोणत्या गावाहून, कुठल्या पाण्यावर पिकून आल्या, ते भाजीवाल्या मावशींना किंवा काकांना विचारा. तुमच्या गावाच्या कडेला पूर्वी कोणतं शेत होतं आणि आज तिथे काय आहे, तेही आजी-आजोबांकडून काढून घ्या. आणि हो, भाताच्या तळाच्या त्या कुरकुरीत थराला तुमच्या घरी काय म्हणतात? आमच्याकडे खरवड. तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर तो जिल्ह्याच्या नावासकट आम्हाला जरूर कळवा. आलेले सगळे शब्द आपण इथे छापू.

तोवर, आज रात्री खरवड कुणाची, ते पाळीपाळीने ठरवा. भांडण झालंच, तर गुरुवारी बारा वाजता न्यायालय भरवा. न्यायाधीश अर्थात आजी!